कुठल्या रात्रीचा शुद्ध कल्याण?

बासरला मैफल होत नाही. सरस्वतीचं देऊळ आहे, गोदावरीचा घाट आहे, वसंत पंचमीला अक्षराभ्यासासाठी कडेवर लेकरू आणि हातात पाटी घेतलेल्या आईबापांच्या रांगा लागतात, आणि त्या रांगांत तेलुगूइतकीच मराठी ऐकू येते. सप्ताह बसतो, भजनं होतात. पण गाण्याच्या देवीच्या या गावात कोणी नावाजलेला गवई तानपुरे लावून रात्रभर गायला, असं मी तरी कधी पाहिलं नाही. आणि तरीही मैफलींवरून झालेली सर्वांत कडाक्याची भांडणं मी ऐकली ती इथंच, बासर स्टेशनात, बुकिंग ऑफिसच्या मागच्या बाकड्यावर.

मी रेल्वेत तिकिटं देत होतो. वडीलही रेल्वेतच. भांडणारे तिघं. एक धर्माबादच्या मिरची बाजारातले अडते, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. दुसरे मुधोळकडच्या एका शाळेतले मास्तर. तिसरे तेलुगू पोस्टमास्तर; त्यांना आम्ही ‘गारू’ एवढंच म्हणायचो. चौथा मी, पण माझं काम चहा मागवायचं आणि गाडी आली की उठून जायचं. भीमसेन जोशी मोठे की कुमार गंधर्व, हे आमचं भांडण नव्हतं. ते सगळ्या महाराष्ट्रानं केलं आणि करून करून त्याचा चोथा झाला. आमचं भांडण असं: भीमसेनांचा शुद्ध कल्याण, हे कबूल, पण कुठल्या रात्रीचा?

शेठ म्हणायचे, पुण्याचा. मास्तर म्हणायचे, मुंबईचा, आणि तोही पुण्याच्या आधीचा. दोघांकडंही कॅसेट होती. शुद्ध कल्याण चढताना भूपासारखा चढतो आणि उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम मींडेत नुसते चाटून येतो. मास्तरांच्या कॅसेटीत तो निषाद जरा जास्त दिसायचा. शेठ म्हणायचे, “मास्तर, हा उघडा पडलेला निषाद हाय, ह्याला काय भूषण म्हणता?” मास्तर म्हणायचे, “शेठ, तुमच्या कॅसेटीत त्यांनी मंद्रात पाय रोवलाच नाही. थेट तानांवर आलेत. पब्लिक थंडीनं कुडकुडत असणार.” मग कॅसेट मागं-पुढं करायची, टेपरेकॉर्डरची बटणं दाबून दाबून पांढरी व्हायची, आणि निजामाबादकडची पॅसेंजर आली तरी निकाल लागायचा नाही.

एकाच रागाच्या दोन रात्री तोलायची ही खोड आपल्याला टेपरेकॉर्डरनं लावली असं मास्तरांचं मत होतं. टेप आली, एकाच गवयाचा एकच राग दोनदा ऐकता येऊ लागला, म्हणून तुलना आली. ऐकायला बरोबर वाटतं. मला ते पटलं नाही. ही खोड मराठी माणसाला टेपच्या कितीतरी आधी लागली होती आणि ती संगीत नाटकानं लावली.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. त्याआधीचा मराठी रसिक गाणं ऐकत होता ते कीर्तनात, लावणीच्या फडावर, किंवा कुणा सरदाराच्या दिवाणखान्यात शिरकाव मिळाला तर. तिथं गवयानं आज काय गायचं ते त्याची मर्जी. नाटकात तसं नव्हतं. पदं ठरलेली, त्यांचा क्रम ठरलेला, प्रसंग ठरलेला. बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्या रात्री नटाचा गळा कसा लागला आणि त्यानं त्या पदाचं काय केलं. भाऊराव कोल्हटकरांचं तेच पद शनिवारी एक आणि रविवारी दुसरं. तुलना करायला माप लागतं. नाटकानं ते माप सामान्य माणसाच्या, पिटातल्या तिकिटाच्या माणसाच्या हाती दिलं.

पुढं गाणंही वाढत गेलं. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी खाडिलकरांच्या पदांना रागदारीच्या आणि पूरब अंगाच्या चाली दिल्या. 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशीच रंगमंचावर आणल्या. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. असे साथीदार बसलेले असताना पद पाच मिनिटांत संपवायचं कसं? वन्समोअर आला की तेच पद पुन्हा, पण नव्या जागा घेऊन. प्रेक्षक घड्याळ विसरत. एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारे लोक गोष्टीत काय होतं हे बघायला जात नव्हते. ‘स्वयंवरा’त रुक्मिणीचं लग्न कृष्णाशीच लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या वेडाचा कळस 8 जुलै 1921. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन चढाओढीच्या कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. एकाचा गळा लोण्यासारखा, दुसऱ्याचा तलवारीच्या पात्यासारखा, असं त्या काळचे लोक लिहून गेलेत. ते वर्णन वापरून वापरून बोथट झालं आहे, पण दुसरं मिळत नाही. त्या रात्री कोण वरचढ ठरलं यावर पुढं कितीतरी वर्षं मराठी माणूस भांडत राहिला. त्यानंतर तीन महिन्यांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव विषमज्वरानं गेले. वय फक्त 31. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे ज्या रात्रीची सर्वांत जास्त चर्चा झाली, ती रात्र पुन्हा ऐकायची सोय कोणालाच नव्हती आणि भांडण त्यावाचून काही अडलं नाही. मास्तरांच्या मताला माझं हे उत्तर होतं. ते ऐकून घ्यायचे आणि चहा संपवायचे.

आमचा प्रांत मात्र या सगळ्याच्या काठावर राहिला. मुधोळ तालुका 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. भाषावार राज्यं झाली तेव्हा तो आदिलाबादला जोडला गेला, आणि 2016 मध्ये तेलंगणानं जिल्हे नव्यानं पाडले तेव्हापासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहोत. घर न हलवता माणूस इतके जिल्हे बघतो. निजामाच्या काळात सभा-संमेलनाला परवानगी लागायची, त्या हुकुमाचं ‘गश्ती निशाण 53’ हे नाव घरोघरी ठाऊक होतं. पुण्यामुंबईत ज्या वेळी नाट्यगृहं आणि गायन समाज उभे राहत होते त्या वेळी इकडं लोकांना एकत्र जमायला हक्काचं निमित्त म्हणजे गणपती, सप्ताह, उरूस. म्हणून आमच्याकडचा जुना रसिक गवयांची नाही, कीर्तनकारांची तुलना करायचा. तोच अभंग निरूपणाला घेतला, पण परवाच्या बुवांनी उत्तररंगात कसा फिरवला आणि आजच्यांनी कसा पाडला, यावर नदीच्या वाळूत बसून म्हातारी माणसं तास तास घालवायची. त्यांच्यापुढं आमचं बाकडं काहीच नव्हे.

दोन गोष्टींनी आम्हाला बाहेरच्या गाण्याशी जोडलं. पहिली रेल्वे. हैदराबाद–मनमाड हा मीटर गेजचा रस्ता 1900 च्या सुमारास झाला, आणि बासर त्यावर पडलं. म्हणजे संध्याकाळी इथून गाडीत बसलं की मनमाडला मोठ्या गाडीत बदलून पुणं गाठता यायचं, आणि उलट्या दिशेनं हैदराबाद एका रात्रीवर. दुसरी गोष्ट रेडिओ. निजाम सरकारच्या डेक्कन रेडिओवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कानडी कार्यक्रम असत. 1950 मध्ये तो आकाशवाणीत गेला. 1952 च्या जुलैपासून आकाशवाणीनं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या क्वार्टरमध्ये वडील रेडिओला कान लावून बसायचे, खरखर वाढली की एक हात वायरला धरून. शेजारचे गँगमनही येऊन ओट्यावर बसत. त्यांना राग कळत नव्हता, पण “आज बुवांचा आवाज बसलेला हाय” हे त्यांनी बरोबर ओळखलेलं मी ऐकलंय.

हैदराबादची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण निजामाच्या राज्यात हिंदुस्थानी गाणं नव्हतं असा पुणेकरांचा एक गोड गैरसमज आहे. मेवाती घराण्याचे पंडित मोतीराम निजाम उस्मान अली खाँच्या दरबारी गवई म्हणून नेमले जायच्या बेतात होते, आणि 1934 साली ऐन त्या वेळी हैदराबादेतच वारले. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो पोरगा शाळेला जाताना वाटेतल्या एका चहाच्या दुकानासमोर थबकायचा, कारण आत बेगम अख्तरची तबकडी लागलेली असायची; शाळा बुडायची. तेच पंडित जसराज. त्यांनी 1972 पासून वडिलांच्या पुण्यतिथीला, 30 नोव्हेंबरला, हैदराबादेत संगीत समारोह सुरू केला. तिकीट नाही. गारू आणि शेठ त्यासाठी जायचे. आणि दोनच आठवड्यांनी, डिसेंबरात, पुण्याला सवाई गंधर्व.

सवाईबद्दल महाराष्ट्रात इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. रामभाऊ कुंदगोळकर, ज्यांना दादासाहेब खापर्ड्यांनी ‘सवाई गंधर्व’ म्हटलं, ते 1952 च्या सप्टेंबरात गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी 1953 पासून पुण्यात त्यांच्या स्मृतीचा उत्सव भरवला. मांडव, खाली सतरंज्या, शाली, थर्मास, आणि शेवटची रात्र सरून उजाडलं की भीमसेन. आमच्या दृष्टीनं त्यात महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. एकाच जागी, वर्षाच्या त्याच दिवसांत, त्याच प्रहराला, तोच गवई वर्षानुवर्षं ऐकायला मिळायचा. नाटकाच्या काळात पदानं जे माप दिलं होतं ते आता तारखेनं दिलं. पुण्याचा रसिक “अमक्या सालचा ललित” आणि “तमक्या सालची तोडी” असं बोलायला लागला तो यामुळं, टेपमुळं नाही. टेप त्याच्या मागून आली. जसराजांच्या समारोहाचंही तेच. शेठ हैदराबादहून उतरले की पहिलं वाक्य ठरलेलं: “मागच्या साली बरे होते,” किंवा “मागच्या सालापेक्षा मोकळे होते.”

तबकडीनं हे काम कधी केलं नाही. 78 च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. ख्याल दुमडून त्यात कोंबायचा. आणि ती कितीदाही वाजवली तरी तीच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी गदगच्या एका दुकानात ऐकून भीमसेन नावाचा मुलगा 1933 मध्ये घर सोडून पळाला, हे तबकडीचं मोठेपण. पण त्या तबकडीवरून खाँसाहेबांची अमुक रात्र तमुक रात्रीपेक्षा बरी, असं कोणाला म्हणता येणार? ते सांगणारे मिरजेचे म्हातारे निराळे होते, ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं. खाँसाहेब 1937 मध्ये मद्रासकडच्या एका छोट्या स्टेशनात, सिंगपेरुमाळ कोइलला, फलाटावर वारले. आम्हा रेल्वेवाल्यांना ही गोष्ट विशेष लागते.

मग आलं कॅसेटींचं युग, आणि तिथं माझा हात सैल सुटणार आहे, कारण ते मी पाहिलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आखातातून येणाऱ्यांच्या बॅगांतून टेपरेकॉर्डर येऊ लागले. निजामाबाद, जगतियाल, करीमनगरकडची माणसं दुबईला जात. पहिला टेपरेकॉर्डर शेठकडं आला तो तिकडचाच. मैफलीची कॅसेट विकत मिळायची नाही. पुढं पुण्याच्या अलूरकर म्यूझिक हाऊससारख्यांनी मैफलींतलं गाणं रीतसर कॅसेटवर आणलं, पण आमच्या बाकड्यावरचा माल तो नव्हता. आमचा माल म्हणजे कोणीतरी मांडवात शालीखाली यंत्र ठेवून भरलेला, त्यावरून दुसऱ्यानं उतरवलेला, त्यावरून तिसऱ्यानं. प्रत्येक उतरवणीत सूं-सूं आवाज वाढायचा आणि तानपुरा मागं जायचा. नियम एकच होता. पैसे घ्यायचे नाहीत. एक कोरी कॅसेट द्यायची आणि एक भरलेली न्यायची. गाडीच्या गार्डबरोबर, कधी जेवणाच्या डब्याबरोबर, परभणीहून, औरंगाबादेहून, हैदराबादेहून कॅसेटी यायच्या. पार्सल रजिस्टरात त्यांची नोंद नसे, हे आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही.

सी-नव्वदची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित ख्याल भरात आला की नेमकी तिथं बाजू संपायची. भरणाऱ्यानं घाईनं उलटून लावेपर्यंत दोन आवर्तनं गेलेली. त्या हरवलेल्या दोन आवर्तनांत काय झालं असेल, यावर शेठ आणि मास्तर यांनी एक अख्खा पावसाळा काढला. शेठचं म्हणणं, बुवांनी तारषड्ज तिथंच लावला, कारण दुसरी बाजू सुरू होते तेव्हा टाळ्यांचा शेवट ऐकू येतो. मास्तर म्हणायचे, टाळ्या उशिरा आलेल्या कुणा पुढाऱ्याला.

कॅसेटीच्या कागदावर राग, गाव आणि वर्ष लिहायचं. बहुतेक ते चुकीचं असायचं. मग साथीवरून शोधायचं. पेटी आप्पा जळगावकरांची की पुरुषोत्तम वालावलकरांची, हे पहिल्या मिनिटाला ओळखणं ही आमच्याकडं मॅट्रिकची परीक्षा होती. आप्पा आमच्या जालन्याकडचे, निजामाच्या मुलखात वाढलेले, म्हणून पेटी छान वाजली की शेठ ती आप्पांचीच म्हणायचे. हा पक्षपात सगळ्यांनी माफ केला होता. तबल्यावर वसंतराव आचरेकर ऐकू आले म्हणजे गाणं बहुधा कुमारांचं. मागं सायकलची घंटी असेल तर गाव, मोटारींचे हॉर्न असतील तर शहर. एका कॅसेटीत इंजिनाची शिटी होती. ती वाफेच्या इंजिनाची की डिझेलची एवढं मला विचारलं गेलं, आणि त्यावरून वर्षाचा वाद मिटला. माझ्या नोकरीचा संगीताला झालेला उपयोग तेवढाच.

गारू या सगळ्यात वेगळे होते. ते कर्नाटक संगीताचे. त्यागराजाची कृती त्यांना अक्षरन् अक्षर पाठ, आणि ते म्हणायचे की कृती तर सगळेच तशीच गातात, गायकाचा कस लागतो तो मनोधर्मात, म्हणजे आलापना, निरवल आणि कल्पनास्वर यांत. “तुमचा ख्याल म्हणजे सगळा मनोधर्मच. मग दोन रात्री सारख्या नसल्या तर त्यात नवल काय? नवल मल्लिकार्जुनांचं,” ते म्हणायचे. मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर घराण्याचे. अल्लादिया खाँसाहेबांच्या मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या दोन मुलांकडं शिकलेले. नट-बिहाग, शिवमत भैरव, शुक्ल बिलावल, बसंती केदार असे राग. त्यांची दोन वेगळ्या वर्षांची नट-बिहागाची कॅसेट लावली तर बांधणी जवळपास तीच. फिरत, वळसे, समेवर येणं, सगळं. आणि तरीही दोन्ही जिवंत. गारूंचं म्हणणं असं की दर वेळी वेगळं गाऊन ताजं राहणं सोपं, तेच गाऊन ताजं राहणं अवघड. यावर शेठ आणि मास्तर दोघं एकदम गप्प बसायचे, जे फार दुर्मीळ होतं.

कुमार गंधर्व दुसऱ्या टोकाला. 1947 नंतर क्षयानं त्यांना देवासच्या अंथरुणात पाच वर्षं पाडलं, पुन्हा गायला लागले ते एका फुप्फुसाच्या बळावर, छोट्या छोट्या सुरावटी फेकत. त्यांच्या श्री रागाच्या दोन कॅसेटी एकाच रागाच्या आहेत हे पटायला वेळ लागायचा. त्यांची तुलना करताना आमची भाषा तोकडी पडायची. “त्या दिवशी ते कुठं बघत होते कोण जाणे,” असं मास्तर म्हणायचे.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला आणि त्यानं ग्रेटफुल डेड नावाच्या तिकडच्या बँडची गोष्ट सांगितली. 1965 ते 1995 अशी तीस वर्षं वाजवली, दोन हजारांवर कार्यक्रम, गाणी ठरलेली पण दर रात्री नव्यानं फुलवायची. त्यांचे चाहते स्वतः टेप भरून एकमेकांना फुकट देत. 1984 पासून तर बँडनं टेप करणाऱ्यांना श्रोत्यांत वेगळी जागाच आखून दिली. त्यांच्यातही तेच भांडण, कुठली रात्र सर्वोत्तम. बरेच जण 8 मे 1977 ची, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली रात्र सांगतात, आणि बरेच जण केवळ ती सगळे सांगतात म्हणून नाकारतात. ते ध्वनिमुद्रण आता अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहयादीत आहे. भाच्यानं ते मला ऐकवलं. गिटारी मला फारशा कळल्या नाहीत. पण एक गाणं संपता संपता दुसऱ्यात शिरतं तिथं मुलं ओरडतात, ते ऐकून मला सवाईच्या मांडवातली ‘वाह’ आठवली. फरक इतकाच की त्यांच्या वादाला तारखांच्या याद्या आहेत, छापील पुस्तकं आहेत, जपलेल्या टेपा आहेत. आपल्याकडं वामनराव देशपांड्यांनी 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहिलं, बी. आर. देवधरांनी थोर संगीतकारांची चरित्रं लिहिली, केशवराव भोळ्यांनी गवयांवर नेमकं लिहिलं. पण त्यात घराणी आहेत, माणसं आहेत. रात्री फार थोड्या आहेत. त्या आपण बाकड्यांवर सोडून दिल्या.

पुढं रात्रही राहिली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, एवढंच. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पक्कं केलं. आजारी माणसाच्या आणि परीक्षेच्या पोराच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय योग्य, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम सांगितला पाहिजे. सवाईची सत्रं दुपारी सुरू होऊ लागली. मुलतानी, भीमपलासी, पूरिया धनाश्रीला भाव आला. दरबारी, अडाणा, आणि पहाटेपर्यंत जागून त्या प्रहराला मिळणारा ललित, यांची जागा गेली. जुन्या रात्रींशी नव्या संध्याकाळींची तुलना करायला रागच समान उरला नाही. 2011 च्या जानेवारीत भीमसेन गेले, त्या वर्षापासून उत्सवाला त्यांचंही नाव जोडलं गेलं. प्रभाताई अत्र्यांनी पुढं कितीतरी वर्षं उत्सवाची सांगता केली; त्या 2024 च्या जानेवारीत गेल्या. शेवटी अजूनही सवाई गंधर्वांची भैरवीची तबकडी लावतात, आणि मांडव उभा राहून ती ऐकतो. तिच्याबद्दल मात्र कोणी वाद घालत नाही.

आज फोनवर सगळं मिळतं. शेठच्या कॅसेटीतला शुद्ध कल्याणही मिळेल बहुधा. पण वर नुसतं ‘शुद्ध कल्याण, लाइव्ह’ लिहिलेलं असतं. कुठलं गाव, कुठलं साल, पेटीवर कोण, हे विचारणाराच नाही. मला विचाराल तर शेठचं बरोबर होतं, पुण्याचाच सरस. तो उघडा निषाद मला अजून खटकतो. मास्तर असते तर त्यांनी हे ऐकून घेतलं नसतं, आणि ते योग्यच झालं असतं.

एक विनंती करतो. तुमच्या घरी माळ्यावर, वडिलांच्या कपाटात, खोक्यात अशा कॅसेटी असतील तर त्या भंगारात देऊ नका. नदीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी लवकर धरते, म्हणून पुढच्या पावसाळ्याच्या आधी त्या उतरवून घ्या. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था 1990 पासून आहे, एनसीपीएचा संग्रह आहे. जिल्ह्याच्या गावीही कोणी ना कोणी जाणकार सापडतो. पण फीत उतरवण्याआधी डबीतला कागद बाहेर काढा आणि त्यावर जे काही लिहिलंय, खोडलंय, पुन्हा लिहिलंय, ते सगळं जसंच्या तसं वहीत लिहून ठेवा. आणि ज्यांनी ती रात्र प्रत्यक्ष ऐकली असे कोणी घरात असतील, तर त्यांना आजच विचारा की साथीला कोण होतं.